नव्वद मिनिटांचे गणित

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये एका दिवशी साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ९० मिनिटे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी घेतली जाते. तिच्यातल्या गणिताच्या पेपरलाही ९० मिनिटेच असतात, पण प्रश्न असतात ५०. एका प्रश्नाच्या वाट्याला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद येतात. दोन्ही ठिकाणी बसणारी मुले साधारण एकाच वयाची, आणि विषयाचे नावही एकच.

ही तुलना अन्यायाची आहे, हे आधीच मान्य करतो. ऑलिम्पियाडला प्रत्येक देशातून फार तर सहा मुले जातात, सीईटीला लाखांनी बसतात. पण आकडे असे शेजारी ठेवले की एक प्रश्न टाळता येत नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली जी मुले दहावीनंतर 'मॅथ्स ठेवतात', ती पुढच्या दोन वर्षांत नेमके काय शिकतात? उत्तरासाठी येथे तीन गोष्टी एकत्र वाचायच्या आहेत: बारावीचे पाठ्यपुस्तक, त्यावर बेतलेल्या परीक्षा, आणि मूळच्या कोल्हापूरच्या एका घराण्यातल्या गणितज्ञाचे आत्मचरित्र.

पुस्तक

बालभारतीचे अकरावीचे सध्याचे गणित २०१९ साली आणि बारावीचे २०२० साली आले. प्रत्येक इयत्तेला दोन भाग आहेत. शीर्षकात 'कला आणि विज्ञान' असे दोन्ही शाखांचे नाव आहे, प्रत्यक्षात कला शाखेत गणित घेतलेला विद्यार्थी शोधावा लागतो. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र पुढे शिकायचे तर संख्याशास्त्राशिवाय गत्यंतर नाही, तरीही गणित म्हणजे इंजिनिअरिंगची पायरी हे समीकरण इतके पक्के झाले आहे की शीर्षकातला 'कला' हा शब्द कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुस्तकाची अनुक्रमणिका मात्र महत्त्वाकांक्षी आहे. अकरावीत संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमपरिवर्तन, मॅथेमॅटिकल इंडक्शन, शांकव आणि शेवटी लिमिट, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्ह. बारावीच्या पहिल्या भागात तर्क, मॅट्रिक्स, त्रिकोणमितीय फंक्शने, सदिश, रेषा व प्रतल, लिनियर प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या भागात संपूर्ण कॅल्क्युलस आणि संभाव्यता. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी अकरावीची एसएससी होऊन मूल कॉलेजात जायचे आणि कॅल्क्युलसची भेट तिथे व्हायची. आता ती सोळाव्या-सतराव्या वर्षी होते. तेव्हा अभ्यासक्रम सोपा झाला, पातळ झाला, अशी तक्रार निदान विषयांच्या यादीवरून तरी करता येणार नाही.

तक्रार दुसरीच आहे. हे प्रगत विषय पुस्तकात एकमेकांशी बोलत नाहीत. बारावीचे पुस्तक सुरू होते ते तर्कशास्त्राने. विधान, नकार, 'जर-तर', कन्व्हर्स, काँट्रापॉझिटिव्ह, सत्यता सारणी हे सगळे मुले मन लावून शिकतात, कारण त्यात हुकमी गुण असतात. पुढे कॅल्क्युलसमध्ये एक महत्त्वाचे विधान येते: फंक्शनला एखाद्या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह असेल, तर ते तिथे सलग असते. याचा कन्व्हर्स खरा आहे का? नाही. शून्यापाशी टोक असलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा आलेख सलग आहे, पण त्या टोकाला डेरिव्हेटिव्ह नाही. पहिल्या प्रकरणात जो कन्व्हर्स शिकवला, त्याचा खरा उपयोग इथे आहे. पण 'आज पाऊस पडला तर मी छत्री घेईन' या विधानाचा कन्व्हर्स बिनचूक लिहिणारे मूल या ठिकाणी तो शब्द आठवेलच असे नाही. तर्काचे प्रकरण चाचणी परीक्षेबरोबर संपलेले असते.

लिमिटची गोष्टही अशीच. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅल्क्युलस उभे केले. त्यांच्याही कितीतरी आधी केरळात माधवाच्या परंपरेने अनंत श्रेढींचे काम केले होते. तरी लिमिट म्हणजे नेमके काय, हे काटेकोरपणे सांगायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कोशीचे पाठ्यपुस्तक १८२१ चे, व्हायरश्ट्रासचे काम त्यानंतरचे. मोठमोठ्या डोक्यांना जी कल्पना पचवायला दीडशे वर्षे लागली, ती आपली मुले काही तासिकांत ओलांडतात. ओलांडायला हरकत नाही, पण वाटेत काही अवघड होते एवढे तरी त्यांना कळायला हवे. ते न कळल्यामुळे अडलेल्या मुलाला वाटते की दोष आपल्या डोक्यात आहे.

परीक्षा

या पुस्तकाचे खरे वाचन परीक्षा करते. बोर्डाचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा. उरलेले २० गुण कॉलेजच्या हातात. बोर्डाच्या पेपरात 'सिद्ध करा' असे प्रश्न अजून येतात, ही जमेची बाजू. पण सिद्ध करायची असतात ती ठरलेली प्रमेये: सेक्शन फॉर्म्युला, चेन रूल, साइन रूल. ती कोणती येऊ शकतात याची यादी प्रत्येक मार्गदर्शकात असते. त्यामुळे सिद्धता म्हणजे इतिहासातल्या तहाच्या कलमांसारखी पाठ करण्याची वस्तू होते. मधली एखादी ओळ विसरली, तर ती पुन्हा तर्काने उभी करता येते, किंबहुना सिद्धता म्हणतात ती त्यासाठीच, हे मुलांपर्यंत पोहोचत नाही.

सीईटीत सिद्धतेला जागाच नाही, कारण चार पर्यायांत सिद्धता विचारता येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरले आहेत आणि क्रम लागतो तो सीईटीवर. साहजिकच वर्गातल्या वेळेवरही तिचाच ताबा असतो. इंटिग्रेशनचे उदाहरण आले तर इंटिग्रेशन करत बसू नका, चारही पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह घेऊन कोणते जुळते ते पाहा. एखादे सूत्र विचारले तर सोयीची किंमत घालून तीन पर्याय उडवा. या युक्त्या चुकीच्या नाहीत. उत्तर तपासण्याची ती उत्तम रीत आहे. पण उत्तर आधीच समोर असेल तरच ती चालते. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणाकडेच नाही, तिथे पर्याय कुठून आणणार?

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. बारावीला बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते. शून्य ते पाय बाय टू या मर्यादांमध्ये एका अपूर्णांकाचे इंटिग्रेशन करायचे आहे. अंशात साइनचे वर्गमूळ. छेदात साइनचे वर्गमूळ अधिक कोसाइनचे वर्गमूळ. उत्तर पाय बाय फोर. वर्गमुळाऐवजी घन घ्या, पाचवा घात घ्या, उत्तर तेच राहते. क्लासमध्ये याचा नियम सांगतात: वरच्या मर्यादेतून खालची वजा करा आणि दोनने भागा. पाच सेकंदांत दोन गुण मिळतात.

आता हेच उदाहरण वेळ न लावता फळ्यावर लिहून विचारले, घात कोणताही असला तरी उत्तर का बदलत नाही? मग मुलाला आलेख काढावा लागतो. अंशात साइनऐवजी कोसाइन असलेला दुसरा अपूर्णांक त्याच्या शेजारी मांडावा लागतो. तो पहिल्याचे आरशातले प्रतिबिंब आहे, म्हणून दोन्ही आलेखांखालचे क्षेत्रफळ सारखे. आणि दोघांची बेरीज प्रत्येक ठिकाणी बरोबर १. तेव्हा दोन्ही क्षेत्रफळे मिळून एक आयत होतो, पाय बाय टू लांबीचा आणि १ उंचीचा. प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा निम्मा भाग येतो, म्हणून घाताचा संबंध उरत नाही. हे ज्याने स्वतः पाहिले त्याला नियम पाठ करावा लागत नाही आणि अशी आणखी दहा उदाहरणे तो स्वतः तयार करू शकतो. पहिल्या रीतीला पाच सेकंद लागतात. दुसरीला कदाचित एक संध्याकाळ लागेल, कदाचित तीन. ती संध्याकाळ आपल्या वेळापत्रकात कुठेच नाही.

सीईटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लाखो मुलांमधून थोड्या दिवसांत, वशिल्याला वाव न ठेवता निवड करायची, तर पर्यायी प्रश्नांना पर्याय नाही. चंदगडच्या कनिष्ठ महाविद्यालयातले मूल आणि पुण्यातल्या नामांकित कॉलेजातले मूल यांना एकाच मापाने मोजणारी अशी परीक्षा गरिबाच्या फायद्याची असते. इंग्लंडात केंब्रिजला गणित शिकायला जाणाऱ्यांसाठी 'स्टेप' नावाची परीक्षा आहे. तिच्यात तीन तास आणि १२ प्रश्न, त्यांतली उत्तम सहा उत्तरे धरली जातात. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. ती हाताने तपासावी लागते आणि थोड्या मुलांसाठीच परवडते. तेव्हा सीईटी काढून टाका असे म्हणण्यात अर्थ नाही. जे परीक्षेत नाही ते वर्गातही असू नये, हा जो समज आपण करून घेतला आहे, त्याच्याशी माझे भांडण आहे.

फळा

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांचाही जन्म कोल्हापूरचा, १९०८ सालचा. केंब्रिजहून परतल्यावर ते १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमती या संस्कृतच्या विदुषी, माहेरच्या हुजूरबाजार. आईचे एक भाऊ वसंत शंकर हुजूरबाजार हे संख्याशास्त्रज्ञ म्हणून जगभर ओळखले गेले. त्यांचाही जन्म कोल्हापूरचाच. अशा घरातला मुलगा गणितात चमकला यात नवल काय, असे कोणी म्हणेल. तरीही 'चार नगरांतले माझे विश्व' या २०१२ सालच्या आत्मचरित्रात (त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) त्यांनी बालपणीच्या गणिताविषयी जे सांगितले आहे, ते बारकाईने वाचावे असे आहे.

बनारसच्या घरात भिंतीवर मुलांसाठी फळे लावलेले होते. आईचे दुसरे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार, मुलांचे मोरूमामा, एमएस्सीच्या शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आले. त्यांनी भाच्याची गणिताची आवड हेरली आणि एक दिवस फळ्यावर जयंतसाठी आव्हान म्हणून एक प्रश्न लिहून ठेवला. प्रश्न शाळेच्या पुस्तकातला नव्हता. तो सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मान्य करेपर्यंत, फळ्यावरच राहायचा. मग मामा उत्तर सांगायचे आणि नवा प्रश्न यायचा.

आठवणीपुरते हे गोड आहे. पण तिच्याकडे शिकवण्याची पद्धत म्हणून पाहिले तर काय दिसते? प्रश्नाला घड्याळ नव्हते. सुटला नाही तर काही बिघडत नव्हते, कारण गुण नव्हते. हार मानण्याची सोय होती, पण ती लगेच मानायची नसे, कारण प्रश्न येता-जाता डोळ्यांसमोर राहायचा. उत्तर सांगणारा माणूस घरातच होता, आणि तरी तो लगेच सांगत नव्हता. चारही बाबी मिळून मुलाला अडून राहण्याची सवय लागली. पुढे हाच मुलगा केंब्रिजला रँग्लर झाला, १९६० साली टायसन पदक आणि १९६२ साली स्मिथ पारितोषिक त्याला मिळाले. त्याचे श्रेय एका फळ्याला देणे भाबडेपणाचे होईल. पण संशोधन करणाऱ्याला ज्या गुणाची गरज पडते, तो गुण शाळकरी वयात कसा रुजतो याचा इतका साधा पुरावा मराठीत दुसरीकडे क्वचित मिळेल.

मात्र ही आठवण वाचताना एक खटक राहते. आत्मचरित्र त्या घराचे आहे. वडील प्राध्यापक, आई विदुषी, मामा गणितज्ञ, भिंतीवर फळा. राधानगरी तालुक्यातल्या वाडीवरून रोज एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलीला मोरूमामा कुठून मिळणार? अशी उदाहरणे देऊन आपण तिला प्रेरणा देतो की तिच्याकडे काय नाही हे सांगतो?

बोर्डिंग

याच प्रश्नाला कोल्हापुराने शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर दिले होते. राजाराम कॉलेज इथे १८८० पासून होते. कागलहून आलेले गोपाळ कृष्ण गोखले त्याचेच विद्यार्थी, आणि पुढे गोखल्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. पण कॉलेज असणे आणि गावातल्या मुलाला तिथे टिकता येणे यांत अंतर होते. गोखल्यांच्या मागे पगारातून पैसे काढून पाठवणारा थोरला भाऊ होता. ज्यांना तसा भाऊ नव्हता त्यांच्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उघडली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले, आणि १९१७ साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आले. जे काही मोजक्या घरांत आपोआप मिळत होते, म्हणजे जागा, जेवण, दिवा, सोबत, ते संस्थेने पुरवायचे, असा तो विचार होता. अभ्यासाचे वातावरण ही घराण्याची मिरास मानायची नाही, हे कोल्हापुरात ठरले होते.

आज त्या जागी राजारामपुरीतल्या क्लासच्या पाट्या आहेत. नाव एका कॉलेजात आणि दिवस क्लासमध्ये, ही व्यवस्था सर्वमान्य झाली आहे. तिथे शिकवणारे अनेकजण मेहनती आणि विषयात तयार असतात, याबद्दल वाद नाही. पण ते विकतात तो माल एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा असतो, कारण गिऱ्हाइकाची मागणी तीच आहे. फी भरू शकणाऱ्याला वेग विकत मिळतो. अडून राहण्याची फुरसत मात्र त्यालाही मिळत नाही आणि फी न भरणाऱ्यालाही नाही.

भाषेचाही यात हात आहे. दहावीपर्यंत मराठीतून 'वर्गसमीकरण' सोडवणारे मूल अकरावीत एकदम इंग्रजीत येते. सेमी-इंग्रजीतून आलेल्याला शब्द ओळखीचे असतात, पण वाक्ये नसतात. संज्ञा इंग्रजी राहायला हरकत नाही. विकलन-संकलन म्हटल्याने कॅल्क्युलस सोपे होत नाही. पण 'का' या प्रश्नाचे उत्तर मूल ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत आधी तयार होते. इंग्रजीत वाक्य जुळवता येत नाही म्हणून ते मूल सूत्र लिहून मोकळे होते. गणितातले बोलणे बंद झाले की उरते ती कृती.

याची किंमत पुढे मोजावी लागते. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळवलेली मुले अभियांत्रिकीच्या 'एम-थ्री'त अडकतात, ही गोष्ट कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळते. तिथे चार पर्याय नसतात. बीएस्सीला गणित घेणाऱ्याला तर पहिल्याच वर्षी सिद्धता भेटते, जणू दुसराच विषय.

यावर शिक्षकांची हरकत रास्त असेल. तुकडीत ऐंशी-शंभर मुले, अभ्यासक्रम संपवायची घाई, पालकांचे फोन. यात तीन संध्याकाळींचे प्रश्न कुठे घालायचे? मोठी सुधारणा त्यांच्या हातात नाही. पण कॉलेजच्या हातातले २० गुण आज ठरावीक वही आणि ठरावीक चाचणीत जातात. त्यांतले पाच गुण वर्षभरातल्या एकाच दीर्घ प्रश्नाला देता येतील. उत्तर आले की नाही याला महत्त्व नाही. कुठे अडलो, काय करून पाहिले, हे मराठीत किंवा इंग्रजीत दोन पानांत लिहायचे. आणि वऱ्हांड्यात एक फळा, आठवडाभर न पुसलेला.

फळ्यावर लिहायला प्रश्न भरपूर आहेत. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करायची, पुन्हा तेच. २०२५ पासून सुरू केले तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. सातापेक्षा जास्त पायऱ्या कधी लागत नाहीत. का? वजाबाकी येणारे कोणीही याच्या मागे लागू शकते, आणि ज्यांनी ही संख्या शोधली तेही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते.

किंवा बारावीच्याच पुस्तकातले घ्या. डिफरन्शियल इक्वेशनच्या प्रकरणात न्यूटनचा थंड होण्याचा नियम येतो: एखादी वस्तू अमुक मिनिटांत अमुक अंशांपर्यंत निवली, तर आणखी तमुक मिनिटांनी तिचे तापमान किती? करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या कितीतरी मुलांनी गुऱ्हाळावर काहिलीतून वाफ्यात ओतलेला गूळ निवताना पाहिलेला असतो. जरा निवल्यावर तापमापक लावून दर पाच मिनिटांनी नोंद करा. नियमाने सांगितलेला आलेख आणि तुमचा आलेख जुळतो का? गूळ घट्ट होताना तो बिघडत असेल, तर का? या प्रश्नाला पर्याय नाहीत, आणि गुळव्या जे हाताने ओळखतो ते समीकरणात कसे मांडायचे, यावर एक हंगाम सहज जाईल.

नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्या कोल्हापूरशी असलेल्या नात्याचा अभिमानाने उल्लेख झाला. अभिमान योग्यच आहे. पण जन्मगाव म्हणून त्यांच्यावर हक्क सांगायचा, तर त्यांच्या घरातल्या त्या फळ्याचेही काही देणे या गावाकडे लागते. ज्यांच्या घरी मामा नाही त्यांच्यासाठी तो कनिष्ठ महाविद्यालयांच्या वऱ्हांड्यात लावायला सरकारी आदेश लागत नाही. एक खडू लागतो, आणि लिहिलेला प्रश्न शनिवारपर्यंत न पुसण्याची तयारी.